आधी बॉनेट

शिरूरचे इस्माईलमामा मिस्त्री पंक्चर काढायच्या आधीसुद्धा बॉनेट उघडायचे. इंजिनावर रॉकेलचं फडकं घासायचे, कोरलेल्या आकड्यांवरून खडू फिरवायचे, उमटलेला नंबर ओठांतल्या ओठांत वाचायचे आणि पुटपुटायचे, "ह्ये न्हाई." मग चाकाकडं वळायचे.

आमची चूल तेव्हा आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या व्हॅनवर पेटायची. ते शिरूरहून दौंडला सवाऱ्या न्यायचे. व्हॅन बंद पडली तशी आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली आणि माझं कॉलेज सुटायची वेळ आली. आप्पांनी गाडीवरचं कंपनीचं नाव सांगून पुण्याहून पिस्टनच्या रिंगा आणल्या. त्या ढिल्या पडल्या.

"आप्पा, नाव टोपीवर आसतंय. टोपीखाली डोकं कुनाचं हाय, बघितलं का?" मामांनी नंबर घासला. इंजिन निघालं लष्करानं मोडीत काढलेल्या ट्रकाचं.

"म्हंजी माझ्या गाडीत दुसऱ्याचं इंजिन?" आप्पांचा चेहरा पडला.

"इतकी वर्सं गुमान नांदलं की. आता कशाला रुसताय?" आणि मग हळूच, "ह्ये न्हाई."

कॉलेजनं मला प्रश्न विचारायची खोड लावली होती. "मामा, हे नाही, मग कोणतं?"

मामा कोरडंच फडकं पिळत राहिले. "माझी व्हॅन व्हती. हलिमाला केडगावला म्हायेरी न्यायचो, फुडं शेजारी बसवून. चढ आला की ती इंजिनाला म्हनायची, चल बेटा, चल. ती गेली आन् म्या गाडी इकली. घेनाऱ्यानं मोडली. इंजिन आसंल कुनाच्या तरी गाडीत."

"आणि सापडलं तर?"

"काय न्हाई. चालू करून ऐकीन जरा."

ट्रकाच्या मापाच्या रिंगा मिळाल्या आणि गाडी पुन्हा दौंडला धावू लागली. तिच्या फेऱ्यांवर मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला.

आप्पांना अक्षरओळख नव्हती. पण मामांकडून त्यांनी त्या विकलेल्या व्हॅनच्या इंजिनाचा तो एक नंबर गिरवून घेतला. दौंड स्टेशनबाहेर अनोळखी व्हॅन दिसली की खिशातला खडू काढून ते ड्रायव्हरला म्हणत, "पावणं, जरा बॉनेट उघडता का?"