माझे कान आणि ती रेकॉर्ड

कान असावेत तर माझ्यासारखे! शेजाऱ्यांचा फ्रिज बिघडणार हे मी भिंतीपलीकडून नुसता आवाज ऐकून सांगितलं होतं. बिघडला! शेजारी अजून माझ्याकडे संशयाने बघतात, पण ते जाऊ द्या.

तर असे हे कान कित्येक वर्षं एका रेकॉर्डसाठी उपाशी होते. माझा लाडका गिटार बँड. दोन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि गाणारी एक बाई. पाठीशी कुठली बडी कंपनी नाही. पहिली रेकॉर्ड त्यांनी पदरमोड करून काढली, मोजक्याच प्रती, आणि त्या बघता बघता गडप! त्यातलं एकही गाणं मी फोनवर ऐकलं नाही. ऐकीन तर काळ्या तबकडीवरच! बायको याला हट्ट म्हणते, मी निष्ठा म्हणतो.

आणि परवा दुकानातल्या खोक्यात, व्यायामाच्या सूचनांच्या रेकॉर्डमागे, ती दिसली! नव्याने काढलेली आवृत्ती, कोरी करकरीत! मी असा ओरडलो की दुकानदाराने आधी पाणी आणलं, मग बिल.

नाचत घरी आलो, तर बायको माझ्या रेकॉर्डच्या फळीसमोर मोजपट्टी घेऊन उभी!

"अहो, इथे माझं शिवणाचं मशीन येणार. रेकॉर्डी माळ्यावर."

"माळ्यावर? अगं, त्या उन्हाने पापडासारख्या वाकतील!"

"मग एक करा. तुमच्याशिवाय एका तरी माणसाला यातली एखादी रेकॉर्ड मनापासून आवडू दे. फळी तुमची!"

मी लगेच विडा उचलला. रविवारी सकाळी मेहुण्याला बोलावलं. तो माझ्या छंदाची टिंगल करण्यात पटाईत. शिवाय आमच्या ऑफिसच्या साहेबांनाही. त्यांना आजवर कुणी हसताना पाहिलेलं नाही, म्हणजे निकाल निःपक्षपाती लागणार!

सगळे बसले. मी हात धुतले, रेकॉर्ड दोन बोटांत अलगद धरली, सुई टेकवली. आणि खोलीत एक आवाज घुमला. जड, खोल, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. ड्रमवाला एक ठोका देऊन पुढचा द्यावा की नाही याचा विचार करत होता.

"दाजी," मेहुणा कुजबुजला, "कव्हरवर बाई आहे ना? हा तर चांगला दाढीवाला बाप्या वाटतोय!"

"तुला काय कळतंय!" मी खेकसलो. "सुरुवातीला ती अशीच गायची. अस्सल! पुढे लोकांसाठी आवाज मऊ केला."

"आणि इतकं हळू?"

"दुःखाला घाई नसते रे!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा म्हणालो. तेवढ्यात शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. बघतो तर साहेब रडताहेत!

"मला माझी पहिली मोटारसायकल आठवली हो," ते हुंदका देत म्हणाले. "विकली तेव्हा अशीच शेवटची घरघरली होती."

त्यांना बघून मेहुण्याचेही डोळे पाणावले. निघताना साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "कान आहेत तुम्हाला! पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. निरोपसमारंभात भाषणं नकोत, हीच रेकॉर्ड वाजवा. सगळ्या स्टाफसमोर!"

माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं घाबरली. दार लावून वळलो. "काय मग? फळी कुणाची?"

बायको रेकॉर्डवरचं लेबल बघत होती. "अहो, यावर पंचेचाळीस लिहिलंय. तुमच्या मशीनचं बटण तेहतिसावर आहे. हा वेग असतो ना?"

मोठी रेकॉर्ड म्हणजे तेहतीस, हे आम्हा शौकिनांच्या हाडीमाशी खिळलेलं. लेबल वाचतो कोण!

तिने बटण पंचेचाळिसावर केलं आणि सुई पुन्हा टेकवली. आणि एक बाई टुणटुणीत आवाजात, पोरं दोरीवरच्या उड्या मारतात तशा चालीत गायला लागली! ड्रमवाला तर गाडी सुटल्यासारखा पळत होता. बायकोचा पाय ताल धरू लागला.

"छान आहे की!" ती म्हणाली. "साहेबांना फोन करून सांगू का, दुःखाला थोडी घाई असते म्हणून?"

साहेबांना हे कळण्यापेक्षा फळी गेलेली परवडली! मी मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं.

आता फळीवर शिवणाचं मशीन आहे आणि रेकॉर्डी पलंगाखाली. पण मान माझी ताठ आहे हं! निरोपसमारंभात अख्खा स्टाफ रडला. ती रेकॉर्ड जगात पुष्कळांकडे असेल, पण साहेबांना रडवणारी फक्त माझ्याकडे! आणि खरं सांगू? बायको बाहेर गेली की मी ती अजून तेहतिसावरच लावतो. बरोबर वेगात लावली की ती बाई सगळी मजा घालवते!