बिनवाचकाच्या पुस्तकांचे रहाळकर काका

लेखकाचं नाव तुम्ही ऐकलेलं असेल, तर रहाळकर काका त्याचं पुस्तक वाचत नाहीत. ही थट्टा नाही, नियम आहे. नवं पुस्तक हाती आलं की ते आमची बेल वाजवायचे, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि लेखकाचं नाव सांगून विचारायचे, "बाई, हे नाव कधी कानावरून गेलंय?" मी नाही म्हटलं की चेहरा खुलायचा. हो म्हटलं की पुस्तक पिशवीत, आणि काका हळहळत जिना उतरायचे. "गेला बिचारा. प्रसिद्ध झाला."

नवीन पनवेलच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये काका तळमजल्यावर एकटेच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली आणि रिटायर होताना तिथली भाषा ते बरोबर घेऊन आले. काका पुस्तक 'वाचत' नसत, 'सोडवत'. "लेखकाने पार्सल बुक केलं, ते स्टेशनात येऊन पडलं. सोडवायला कुणी आलंच नाही तर काय होतं? उंदीर खातात, बाई."

मी तेव्हा इथल्याच एका शाळेत मराठी शिकवत होते. पहिल्या भेटीत हे कळल्यावर काका म्हणाले, "मराठी शिकवता? मग वाचायला वेळ मिळत नसणार." मी आठ दिवस रागावले होते, कारण ते खरं होतं.

तर काकांना लागायची ती लेखकाने स्वतःच छापलेली, स्वतःच वाटलेली आणि कुणीच न उघडलेली पुस्तकं. जुन्या पनवेलातल्या रद्दीवाल्याकडे ते तासन्‌तास उकिडवे बसायचे. पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' आणि खाली सही असली की माल अस्सल समजायचा. "सप्रेम भेट दिलेलं पुस्तक घेणारा कधीच वाचत नाही," हा त्यांचा सिद्धांत. लग्नाच्या पंगतीत कुणी स्वतःचा कवितासंग्रह वाटतोय असं कळलं, तर काका बिनआमंत्रणाचे जाऊन पुस्तक घेऊन, न जेवता परत यायचे.

आणि प्रकार म्हणाल तर कुठलाही चालायचा. मधुमेहावरच्या गझला. स्कूटरवरून केलेल्या अष्टविनायकाचं प्रवासवर्णन, ज्यात पाच गणपतींनंतर स्कूटर बिघडते आणि उरलेलं पुस्तक गॅरेजात घडतं. एक विज्ञानकादंबरी तर अशी होती की परग्रहावरचे लोक आमच्या पनवेलशेजारच्या करंजाड्याला उतरतात. का, तर तिथे रस्ते रुंद झालेत आणि राहायला अजून कुणी आलेलं नाही. "लेखकाने अभ्यास केलाय," काका गंभीरपणे म्हणाले होते.

नाव कुणी ऐकलेलं नाही याची खात्री काका तिघांकडून करून घ्यायचे. मी, दूधवाला आणि सोसायटीचा वॉचमन. वॉचमन बिहारचा, भला माणूस. साहेबांना नाही कसं म्हणायचं, म्हणून तो प्रत्येक नावाला "हां साब, बहुत बडा आदमी है" म्हणायचा. हे कळेपर्यंत काकांनी चांगली चाळीसेक पुस्तकं प्रसिद्ध समजून बाजूला टाकली होती. मग पंधरा दिवस त्यांना दुसरं काही सुचलं नाही. एकेक लेखकाची मनातल्या मनात माफी मागत त्यांनी ती सगळी सोडवली.

पुस्तक संपलं की लेखकाला कार्ड जायचं. त्यात स्तुती नाही, नमस्कारचमत्कार नाहीत. "पान ८७ वर आपल्या नायिकेने चहा ठेवला, तो अखेरपर्यंत उतरवलेला नाही. पातेलं जळालं असणार. बाकी उत्तम." मला वाटायचं, अशा कार्डाने लेखक चिडतील. पण उलट उत्तरं यायची, चारचार पानी. नायिकेच्या लेखकाने तर दुसऱ्या आवृत्तीत चहा उतरवायचं वचन दिलं होतं.

अशात एका मार्चमध्ये काकांच्या हाती 'उधाणाची रात्र, भाग पहिला' ही रहस्यकथा लागली. लेखक हिराजी नाखवा, राहणार करंजा, तालुका उरण. मासळीच्या एका व्यापाऱ्याचा खून होतो आणि सुके बोंबील विकणारी एक म्हातारी भरती-ओहोटीच्या वेळांवरून तपास लावते. शेवटच्या पानावर ती सगळ्यांना एका खोलीत बोलावते, दार लावून घेते आणि म्हणते, खुनी इथेच बसलाय. खाली छापलं होतं, 'भाग दुसरा लवकरच.' पुस्तक सहा वर्षांपूर्वीचं होतं.

काकांची झोप उडाली. त्यांनी तीन कार्डं टाकली. उत्तर नाही. पुढच्या रविवारी त्यांनी माझी बेल वाजवली. पायात चपला, खांद्याला पिशवी. "बाई, चला. त्या म्हातारीने दार लावून घेतलंय. सहा वर्षं माणसं आत कोंडलीत."

एसटीने उरण, पुढे रिक्षाने करंजा. हिराजी घरासमोर जाळं दुरुस्त करत बसला होता. पन्नाशीचा, रापलेला. काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं तेव्हा त्याच्या हातातली सुई थांबली.

"ती कार्डं तुमचीच काय? मना वाटला, कोनी मस्करी करतंय," तो म्हणाला. मग जाळ्याकडे बघत बोलला. "तीनशे कॉप्या छापल्या. पाव्हन्यांना वाटल्या, सगल्या गावान वाटल्या. एकानपन इचारला नाय, का खून कोनी केला. मंग दुसरा भाग कोनासाटी लिवू?"

"शेवट मनापन सांगत नाय," त्याची बायको उन्हात वाळत घातलेली जवळ्याची बारीक मासळी हलवत म्हणाली. "मी रोज जेवान वाडते, तरी नाय."

हिराजीला काकांची दया आली असावी. "तुमाला सांगू काय?" त्याने विचारलं. काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "तोंडी नको. मला छापील पाहिजे."

हिराजी हसला, पण मान हलवली. "एकच गिऱ्हाईक उभा असला तं लिलाव होत नाय, काका. बंदरावर बघा जाऊन. दहा मानसं आना, वाचलेली. मंग लिवतो. पन पावसाली मासेमारीवर बंदी येते, तिच्या आदी आना. बंदीन बोट वर असते, तवाच माजा हात कागदाला लागतो."

बारा प्रती घेऊन आम्ही परत आलो. सहा वर्षं त्या हिराजीच्या खाटेखाली सुक्या मासळीच्या शेजारी होत्या, त्यामुळे एसटीत आमच्या आजूबाजूची बाकं आपोआप रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी काकांनी प्रती गच्चीवर वाळत घातल्या. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे बाईंचे साबुदाण्याचे पापड होते. बाई संतापून वर गेल्या, पापड वाचवता वाचवता एक प्रत उचलली आणि तासाभराने खाली आल्या त्या पान चाळीसवर बोट ठेवून.

बाकीच्यांना मात्र, अगदी मलाही, पटवावं लागलं. आयुष्यभर ज्यांनी कुणालाही 'हे वाचा' म्हटलं नव्हतं, ते काका एप्रिलभर आणि मेभर दारोदार फिरले. दूधवाल्याला गाठलं, माझ्या नवऱ्याला गाठलं, नाक्यावरच्या डॉक्टरांना पेशंट म्हणून नंबर लावून गाठलं. रोज सकाळी कोण कितव्या पानावर पोचलं याची चौकशी व्हायची. माझा नवरा चुकवायला लागला, तर काका जिन्यात बसून राहायचे. नववा वाचक मेच्या शेवटी झाला. दहावे ते स्वतः.

जूनच्या पहिल्या रविवारी हिराजी आणि त्याची बायको आले. आम्ही सगळे काकांच्या हॉलमध्ये, पुस्तकांच्या ढिगांमधून जागा करून बसलो. हिराजी इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला आल्यासारखा बसला होता.  शेवटी त्यानेच विचारलं, "तुमाला काय वाटतं, कोनी केला?"

"व्यापाऱ्याच्या भावाने," देशपांडे बाई म्हणाल्या.

"भाऊ कसा असेल?" दूधवाला म्हणाला. "ओहोटीला होडी चिखलात रुतलेली होती. तो आला कसा?"

"चालत आला."

"चिखलातून? धोतर कोरडं होतं त्याचं."

डॉक्टर मध्ये पडले, माझा नवरा मध्ये पडला, आणि मीही पडले, कारण माझा संशय बर्फाच्या कारखानदारावर होता आणि त्याचं कुणी नावच घेत नव्हतं. पाच मिनिटांत हॉलमध्ये मासळीबाजार भरला. हिराजी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता, आणि तिचे डोळे हसत होते.

काका मात्र या वादात पडले नव्हते. मांडीवर त्यांचं टिपण होतं, पानांच्या आकड्यांसकट. ते त्यांनी उघडलंच नाही.

"काका, तुमचा संशय कोनावर?" हिराजीने विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मला जरा ऐकू दे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "वीस वर्षं वाचतोय. पण मी वाचलेलं पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलेलंच नसायचं. मग बोलणार कुणाशी? आज पहिल्यांदाच होतंय हे."

  इतकी वर्षं मी दारात उभी राहून त्यांना 'नाही ऐकलं' म्हणत होते, आणि काका पुस्तक संपवून आले की 'बरं झालं' म्हणून दार लावत होते. एकदाही एखादं मागून घेतलं नाही.

"लिवतो," हिराजी म्हणाला. "बंदी लागलीच हाय, उद्याच बसतो."

देशपांडे बाईंनी आपली खुर्ची ओढली आणि थेट काकांच्या समोर नेऊन ठेवली. "ते लिहितील तेव्हा लिहितील," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत्ता बोला. मी म्हणते, भावानेच केला."

"शक्य नाही," काका म्हणाले.

"का शक्य नाही?"

काकांनी चष्मा चढवला, पुढे सरकले आणि मांडीवर थाप मारून का शक्य नाही ते सांगायला लागले. काकांचा आवाज इतका मोठा आहे हे आमच्या बिल्डिंगला त्या दिवशी कळलं.