लाल लुगडं, पांढरा बर्फ

"नीट धरा हां. वारं लई हाय," सोजराबाई म्हणाल्या.

"धरलंय गं. तेहेतीस वर्सं सिग्नलचा खटका ओढलाय ह्या हातांनी. लुगड्याचं काय घिऊन बसलीस!" हौसराव म्हणाले.

अलास्काच्या किनाऱ्यानं चाललेल्या एका लहानशा जहाजाच्या अगदी मागच्या बाजूला दोघं नवरा-बायको एका ओल्या लाल लुगड्याची दोन टोकं धरून समोरासमोर उभी होती. त्यांच्या गावी, राहूला, नदीकाठी दोघी जावा वाऱ्यावर लुगडं वाळवतात तसंच. फरक इतकाच, की इथं समोर बाभळीऐवजी बर्फाचा डोंगर होता, तो थेट पाण्यात उतरला होता, आणि मधूनच तोफ उडाल्यासारखा आवाज करून त्याचे कडे समुद्रात कोसळत होते.

साल अठ्ठ्याहत्तर. हौसराव दौंड जंक्शनवर पॉइंट्समन होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांचा थोरला मच्छिंद्र शिष्यवृत्तीवर शिकून सिॲटलला इंजिनियर झाला होता. आईबापांना बोलावून घेतल्यावर त्यानं या जहाजाची तीन तिकिटं काढली. "आप्पा, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या तुम्ही. आता तुम्ही बसा," असं तो म्हणाला, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या कंपनीतलं कसलंसं यंत्र बिघडल्यामुळे तो स्वतःच मागे राहिला. दोघांना जहाजात बसवून, "घाबरू नका, फक्त सहा दिवस," असं सांगून गेला. तेव्हापासून हौसराव घाबरलेलेच होते.

जहाज लहान, उतारू चव्वेचाळीस. पहिल्या दिवशी लालबुंद दाढीच्या कप्तानानं हात पुढे केला तेव्हा हौसरावांनी गडबडीत "जय भीम" म्हणून टाकलं. तेव्हापासून कप्तान रोज सकाळी "जे बीम!" म्हणायचा. तेवढाच काय तो आधार. बाकी लोको शेडमधल्या गोऱ्या ड्रायव्हरांकडून उचललेलं इंग्रजी इथं कुणाला कळत नव्हतं आणि इथलं यांना.

सोजराबाईंनी बरोबर दोनच लुगडी आणली होती. लाल लुगडं त्या तीन दिवस नेसल्या. चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीला माशाचं कालवण त्यावर सांडलं. खोलीत जाऊन त्यांनी हिरवं नेसलं, लाल धुतलं आणि वाळवायचं कुठं म्हणून हे मागचं मोकळं ठिकाण शोधून काढलं.

"जरा वर धरा. टोक भुईला लागतंय."

हौसरावांनी हात वर केले, आणि नेमकं त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर पाण्यातून इंजिनानं वाफ सोडावी तसा मोठा फुस्सकारा झाला. त्यांनी वळून पाहिलं. काळी, चकचकीत, मालडब्याएवढी पाठ पाण्यातून वर आली होती.

"आयो!" म्हणून हौसराव ओरडले आणि दोन्ही हात छातीशी धरले.

देवमासा गेला. त्याच्या आधी लुगडं गेलं. एकट्या सोजराबाईंना वारा आवरेना. नऊ वार लाल कापड कठड्यावरून उडालं, हवेत फुगलं, पसरलं, आणि लांब वाहत जाणाऱ्या एका बर्फाच्या लादीवर जाऊन पडलं. तिथं रेडकांसारखी दिसणारी चार-पाच सील जनावरं ऊन खात पडली होती.

"सोडलं ना!" सोजराबाई म्हणाल्या. "माज्या मायनं घेतलेलं शेवटचं लुगडं त्ये. तुमच्या हाताचा लई भरवसा!"

हौसराव काही बोलणार तोच वरच्या मजल्यावरून कुणी तरी बाई किंचाळली. मग आणखी दोघं ओरडली. जहाजाचा भोंगा तुटक तुटक वाजायला लागला आणि इंजिनाची धडधड बंद पडली. जहाज उभं राहिलं.

हौसरावांनी वर भोंग्याकडे पाहिलं. "थांबवलं," ते म्हणाले. "लाल दिसलं का थांबवायचं, कायदाच हाय त्यो. आता चौकशी हुनार."

विनाकारण साखळी ओढून गाडी थांबवणाऱ्याचं काय होतं, ते त्यांनी दौंडच्या फलाटावर पुष्कळदा पाहिलं होतं. इथं तर परका मुलूख. इथं यायचा परवानाही मच्छिंद्रच्या सहीनं मिळालेला. उद्या कुणी कंपनीला लिहिलं, की यांच्या बापानं जहाज अडवलं, तर पोराच्या नोकरीचं काय?

त्यांनी सोजराबाईंचा हात धरला आणि त्यांना खोलीत आणलं. जहाजाची चौकशी टाळायचा एकच मार्ग त्यांना सुचला. लुगडं कुणाचं हे कळायला नको असेल, तर लुगडं नेसणारी बाईच दिसायला नको.

"मोरीत बस. आतून कडी घाल. कुनी बी हाक मारली तरी वो द्यायचा न्हाई."

"आन् तुमी मारली तर?"

हौसरावांनी विचार केला. "म्या मारली तरी बी न्हाई. मला धरून आनलं आसंल तर?"

"पर म्या काय चोरी केलीया?"

"सोजरा, आत जा गं बाई!"

त्या गेल्या. कडी वाजली. भोंगा वाजला की घालायचं म्हणून खोलीत टांगलेलं, पाण्यात बुडू न देणारं फुगीर केशरी जाकीट गळ्यात अडकवून हौसराव वर गेले.

वर सगळे उतारू तसलीच जाकिटं घालून रांगेत उभे होते. एक तरुण अधिकारी यादी घेऊन नावं वाचत होता. हौसरावांचं नाव त्यानं असं काही उच्चारलं की तिसऱ्यांदा त्यांच्या लक्षात आलं.

"प्रेझेंट, सर!"

अधिकाऱ्यानं त्यांच्या मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग यादीवर बोट ठेवून तो पळतच कप्तानाकडे गेला. त्रेचाळीस हजर होते. कमी होती एक. आणि तीन दिवस ज्या बाईला सगळ्या जहाजानं लाल कपड्यात पाहिलं होतं, नेमकी तीच कमी होती.

तेवढ्यात एवढ्या भोंग्यांनी बिथरलेलं एक सील बर्फावरून सरपटलं. लुगड्याचा पदर त्याच्या अंगाखाली अडकला होता. लाल कापड लादीवर हललं, धडपडल्यासारखं झालं, आणि जनावराबरोबर धपकन पाण्यात गेलं. कठड्याशी उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. कुणी डोळ्यांवर हात ठेवले.

कप्तान हौसरावांसमोर येऊन उभा राहिला. आज तो "जे बीम" म्हणाला नाही. त्यानं पाण्याकडे बोट केलं आणि विचारलं, "रेड... युअर वाइफ?"

संपलं, हौसरावांना वाटलं. सगळं कळलंय यांना. मग लपवून गुन्हा वाढवण्यापेक्षा कबूल केलेलं बरं. ते सावधान उभे राहिले.

"येस, सर. वाइफ्स. माय मिस्टेक, सर. आय होल्ड. बिग फिश कम. आय लीव्ह."

"यू लेट गो?"

'लेट' हा शब्द हौसरावांच्या हाडांत मुरलेला होता. "येस, सर. लेट. टोटल लेट, माय मिस्टेक."

कप्तानानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "हाऊ लाँग?"

"नाइन यार्ड, सर."

कप्तान दुर्बीण डोळ्यांना लावून पाण्याकडे बघत राहिला. त्यानं हातानं खूण केली तशी चार खलाशी एक छोटी होडी खाली सोडायला लागले.

हौसराव ओशाळले. एका लुगड्यासाठी होडी! इतक्यात गळ्यात चष्म्याची दोरी घातलेली एक म्हातारी मडम पुढे आली. सोजराबाईंची आणि तिची खाणाखुणांवर चांगली गट्टी जमली होती. तिनं हौसरावांना मिठीच मारली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. हौसरावांचा ऊर भरून आला. परक्या मुलखातली बाई, पण दुसऱ्याच्या लुगड्यासाठी काय जीव तुटतोय! त्यांनी तिच्या पाठीवर हळूच थोपटलं.

"नो क्राय, बाई. नो क्राय. ओल्ड. व्हेरी ओल्ड. नो मॅटर. आय गो दौंड बाजार, आय टेक न्यू वन."

म्हातारीनं मिठी सोडली. ती दोन पावलं मागे सरली आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. शेजारचा एक उंच माणूसही जरा लांब जाऊन उभा राहिला. आपल्या इंग्रजीत काही चुकलं का, म्हणून हौसरावांनी पुन्हा एकदा सावकाश सांगितलं, "न्यू वन. सेम कलर." मग तर त्यांच्याभोवती चांगली मोकळी जागाच झाली.

होडी पाऊण तास फिरत होती. बर्फाच्या तुकड्यांमधून, लादीच्या कडेकडेनं, पुन्हा मागे. खलाशी लांब काठीनं पाणी ढवळत होते. एवढं काय शोधतायत, हौसरावांना कळेना. लाल कापड तर मघाशीच त्यांनी काठीनं उचलून होडीत घेतलं होतं. तरी ते थांबत नव्हते. लांबचा बर्फाचा कडा कोसळला, पण त्याच्याकडेही कुणी मान वळवून पाहिलं नाही.

शेवटी होडी परत आली. कप्तानानं ते लुगडं दोन्ही हातांवर घेतलं आणि सावकाश चालत हौसरावांपर्यंत आणलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. हौसरावांनीही आपली माकडटोपी काढली.

लुगडं मिळाल्यामुळे त्यांचा निम्मा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी ते उलगडलं. मधोमध हातभर फाटलं होतं. "थोडा डॅमेज," ते म्हणाले. "बट थँक्यू, सर. लाइन क्लिअर. स्टार्ट!"

कप्तानानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द तोडून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "वी... कुड नॉट... फाइंड... हर."

'हर' म्हणजे काय हे हौसरावांना माहीत होतं. त्यांनी हातातल्या कापडाकडे पाहिलं. कप्तानाच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. रडून डोळे सुजलेल्या म्हातारीकडे पाहिलं. आणि पाऊण तास हे लोक पाण्यात काय शोधत होते, ते त्यांच्या ध्यानात आलं.

"नो, नो!" ते ओरडले. "वाइफ नो वॉटर! वाइफ बाथरूम!"

ते लुगडं छातीशी धरून जिन्याकडे धावले. त्यांच्या मागे कप्तान, अधिकारी, म्हातारी आणि निम्मं जहाज. हौसरावांनी मोरीचं दार ठोठावलं.

"अगं, उघड! मी हाय."

आतून आवाज नाही.

"सोजराबाई!"

काही नाही. हौसरावांनी दार ढकललं. हललं नाही. आतून कडी होती, की जहाज हेलकावताना दार नुसतं अडकून बसलं होतं, कळेना. आणि मग त्यांच्या मनात एक वेगळीच शंका शिरली. एवढी माणसं सांगतायत ते खोटंच कशावरून? बाई एकदा वासरासाठी कालव्यात उतरली होती. पोहता येत नव्हतं तरी उतरली होती. मायचं शेवटचं लुगडं म्हणाली होती. आपण वर रांगेत उभे असताना ती मागच्या जिन्यानं गेली असली तर? कठड्यावरून वाकली असली तर? आणि आपण इथं लोकांना दौंडचा बाजार सांगत बसलो!

ओ द्यायचा नाही असं आपणच बजावून ठेवलंय, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.

"सोजरा!" हौसराव दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. चाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी बायकोला अशी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. "सोजरा, वो दे गं! एकडाव वो दे!"

दार गप्प. कप्तानानं ओरडून कुणाला तरी काही सांगितलं. इंजिनघरातला एक धिप्पाड माणूस पहार घेऊन आला. दोन हिसके, आणि दार बिजागरीतून निखळलं.

आत कमोडच्या झाकणावर मांडी घालून सोजराबाई बसल्या होत्या. हिरव्या लुगड्यावर केशरी जाकीट, कपड्यांचं गाठोडं मांडीवर, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून पदराचा बोळा दातांत घट्ट धरलेला. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या गर्दीकडे. बोळा काढला.

"म्या वो दिला न्हाई हां," त्या कप्तानाला म्हणाल्या. "ह्यांनीच उघाडलं."

कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हसायला लागलं. कप्तान भिंतीला टेकून उभा राहिला आणि दाढीवरून हात फिरवत मोठ्यानं "जे बीम, जे बीम" म्हणाला. म्हातारी मडम आत घुसली, तिनं सोजराबाईंचे दोन्ही गाल कुरवाळले, आणि जाता जाता हौसरावांकडे असा एक कटाक्ष टाकला, की पुढचे दोन दिवस ते तिच्या टेबलाच्या आसपास फिरकले नाहीत.

पण आत्ता हौसरावांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते त्या मोडक्या दारात फतकल मारून बसले आणि एवढ्या लोकांदेखत, खांदे गदागदा हलवत, लहान पोरासारखे रडायला लागले.

सोजराबाई गोंधळल्या. खाली वाकून त्यांनी नवऱ्याच्या हातातलं लाल लुगडं ओढून घेतलं, उलगडून पाहिलं, आणि तो हातभर फाटका भाग दिसताच त्यांना सगळा उलगडा झाला.

"आवं, येवढ्यापायी व्हय?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "फाटलं तर फाटलं. फाटकं कापून, दंड घालून, शिवून नेसंन म्या. लोक बगत्यात की. लुगड्यापायी कुनी आसं रडतं का?"

हौसरावांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"व्हय, लुगड्यापायीच," ते म्हणाले, आणि त्याच लुगड्याच्या पदरानं त्यांनी डोळे पुसले. पदर आधीच खारट होता.