नरहररावांची रोजची तपासणी

नरहर पिंपळखुटे यांनी मधमाश्यांची पेटी आणली आणि त्याच दिवशी तिच्या नावाने एक रजिस्टर उघडलं. भोपाळच्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासनीस होते. त्यांची सही झाल्याशिवाय साधा नटसुद्धा गेटबाहेर जात नसे. आता येत्या जूनमध्ये निवृत्ती होती. त्यानंतर तपासायचं काय, या विचाराने त्यांची झोप उडाली होती, म्हणून ही पेटी.

"आठवड्यातून एकदाच उघडा," असं मधमाशीपालन शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं.

"मग बाकीचे सहा दिवस काम कसं चाललंय, हे कोण बघणार?" नरहररावांनी घरी येऊन बायकोला विचारलं.

"त्यापेक्षा माझा कूलर बघा," सुमनबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मागच्या व्हरांड्यात पडून राहिला. उन्हाळा आला तोंडावर."

"बघतो," नरहरराव म्हणाले. हेही ते दोन वर्षं म्हणत होते.

पहिल्या सकाळी जाळीची टोपी घालून त्यांनी पेटीतली एक चौकट उजेडाला धरली आणि रजिस्टर विसरले. मेणाची शेकडो घरं, सगळी सहा कोनांची. खिशातला व्हर्नियर काढून त्यांनी दहा ठिकाणी मापं घेतली.

"सुमन, ड्रॉइंग नाही, फोरमन नाही, अन् एक पीस रिजेक्ट नाही गं!" त्यांनी हाक मारली. असं काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आवडलेली गोष्ट लांबून बघणं त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी कारखान्याच्या भोंग्याआधी एकदा, ड्यूटीवरून आल्यावर एकदा, पेटी उघडायचीच. 'राणी हजर' अशी नोंद, खाली सही.

बाराव्या दिवशी पेटीतून सगळ्या माश्या एकदम बाहेर पडल्या. पेरूच्या झाडावर काळा ढग घुमू लागला. त्या आवाजाने अंगणातली हवा थरथरत होती. टोपी हातात घेऊन नरहरराव तोंड वर करून उभेच राहिले. पळायचं त्यांना सुचलंच नाही.

"साहेब, यांनी तर स्ट्राइक केली ना यार!" शेजारचे नीळकंठ खिडकीच्या जाळीआडून ओरडले. ढग छपरावरून पलीकडे गेला.

त्या दिवशी नरहरराव जेवले नाहीत. रिकामी पेटी मात्र दोनदा उघडून पाहिली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मागच्या व्हरांड्यातून सुमनबाईंची हाक आली. "अहो, कूलर चालू झाला!"

"काहीतरीच. प्लगच नाही त्याला."

पण कूलर खरंच घुमत होता. त्याच्या जाळीतल्या गवताच्या फटीतून माश्या शिस्तीत आतबाहेर करत होत्या. नरहररावांचे डोळे भरून आले. मग सवयीने हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

सुमनबाईंनी मनगट धरलं. "खबरदार! आख्ख्या क्वार्टरमध्ये तुम्ही हात लावत नाही अशी हीच एक जागा आहे. बरोबर शोधली त्यांनी."

नरहररावांनी स्क्रूड्रायव्हर निमूटपणे बायकोच्या हाती दिला. कूलरच्या पत्र्यावर हलकेच तळवा ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. पत्रा कोमट होता आणि आत काम चालू होतं.

मग त्यांनी रजिस्टर मागवलं, लिहिलं, 'काम उत्तम', आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच न बघता सही केली.

"अन् उन्हाळ्याचं काय?" सुमनबाईंनी विचारलं.

"हळू बोल," नरहरराव कुजबुजले. "नवा आणू."