मेंढी जुळली पाहिजे

मुलांनो, कुणी वाचून दाखवत असेल तर डोळे मिटा आणि कल्पना करा. नांदे गावाजवळ एक शाळा आहे. पाचवीला हस्तकलेचा प्रकल्प दिलाय : मातीची मेंढी. आणि सगळी मुलं अंगणात मजेत खेळताहेत, कारण प्रकल्प आई-बाबांना करायचा आहे.

गेल्या वर्षी मेंढ्या इतक्या सुबक आल्या, की शाळेला संशय आला. म्हणून यंदा परिपत्रक निघालं : 'वस्तू बालकानेच केल्यासारखी दिसावी.' पालकांनी ते फार मनावर घेतलं. जवळच्या सूस गावातल्या एका सोसायटीत पालकांसाठी वाकडेपणाचा वर्ग सुरू झाला. पाचवीतल्या अनिमेषचे बाबा कौस्तुभराव संगणक अभियंता. त्यांची मेंढी काही केल्या सरळच यायची. अखेर एकदाची मनासारखी वाकडी जमली, तेव्हा त्यांनी तिचा साचा काढून ठेवला आणि शेजारधर्म म्हणून वर्गातल्या सगळ्या पालकांना वापरायला दिला.

त्याच वर्गातल्या वैभवीने मात्र मेंढी स्वतःच केली. तिचे वडील जालिंदर मेंढरं राखतात. कळपातली एक मेंढी मागचा पाय उचलून चालते, म्हणून मातीच्या मेंढीचाही पाय वर होता.

"आप्पा, आमच्या मेंढ्या टेबलावर मांडत्यात. तुमी बघाया यायचंच."

"येतो की. मेंढरं शाळंमागं बसवतो."

प्रदर्शनाच्या दिवशी बाल-स्वनिर्मिती पडताळणी समिती बसली. अध्यक्ष बंडोपंत, निवृत्त अधिकारी. त्यांनी आधी मुलांची नखं तपासली. अनिमेषची नखं लखलखीत, पूर्ण गुण. वैभवीच्या नखांत माती, शेरा, 'अस्वच्छ'.

"सर, मेंढी मातीची हाय ना."

"कारण विचारलेलं नाही."

मग खात्रीसाठी प्रत्येकाने तीच मेंढी समोर पुन्हा करायची होती. अनिमेष बाबांकडे बघत राहिला. कौस्तुभरावांनी हळूच साचा पुढे सरकवला. बंडोपंतांनी त्याची 'शैक्षणिक साहित्य' अशी नोंद घेतली. मेंढी तंतोतंत जुळली. मग सगळ्यांच्याच जुळल्या, एकमेकांशीसुद्धा.

वैभवीच्या दुसऱ्या मेंढीने मान मागे वळवली होती.

"पहिली समोर बघत होती," बंडोपंत म्हणाले.

"व्हय. ही मागं बघतीया."

"म्हणजे पहिली दुसऱ्या कुणीतरी केली."

कलाशिक्षिका हेमलताबाई चाचरत म्हणाल्या, "सर, हाताने केलं की थोडं इकडेतिकडे..."

"बाई, हातांची तपासणी मघाशीच संपली."

वैभवीच्या दोन्ही मेंढ्या टेबलाखाली गेल्या. तेवढ्यात काठी दाराशी टेकवून जालिंदर आत आले. टेबलावरच्या मेंढ्यांवरून त्यांची नजर फिरली, थांबली नाही. मग ते वाकले.

"आगं, ही आपली लंगडी न्हवं का? अन् ही का मागं बघतीया? कोकरू ऱ्हायलं व्हय तिचं?"

वैभवीचा चेहरा फुलला. बंडोपंतांचा त्याहून जास्त.

"ओळखलीत! लिहा, बाई. पालकाने वस्तू पाहताक्षणी ओळखली, म्हणजे ती पालकानेच केली. इथे दुसऱ्या एकाही पालकाला आपल्या पाल्याची मेंढी ओळखता येत नाही. याला म्हणतात प्रामाणिकपणा!"

पालकांनी टाळ्या वाजवल्या.

"सायेब, म्या मातीला हात बी लावला न्हाई," म्हणत जालिंदरनी दोन्ही हात पुढे केले. हातांना लोकरीचा वास होता. नखांत माती नव्हती.

"मोठ्यांची नखं तपासण्याची नियमात तरतूद नाही," बंडोपंत म्हणाले.

वैभवीने टेबलाखालच्या मेंढ्या काढून आप्पांच्या पसरलेल्या हातांवर ठेवल्या आणि ती पालकांच्या पहिल्या रांगेत शिरली.

"काका, नखं दावा."

कौस्तुभरावांनी हात खिशात घातले. शेजारच्या काकूंनी ओढणीखाली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. बंडोपंतांची नातही याच वर्गात होती. त्यांनी हात फायलीखाली सारले.

सगळ्या रांगा संपल्या. मग ती इकडे वळली, तुम्हांला ही गोष्ट जे कुणी वाचून दाखवताहेत त्यांच्याकडे.

"नखं दावा," ती म्हणाली.