मामाचा पहिला घास

"एस.टी. दिसली का हो?" लताने पुन्हा विचारलं.

"आली की सांगतो ना! तू आत दिगूकडे बघ." तिचा नवरा रतिलाल ओट्यावरून वैतागून म्हणाला.

आज दिगूचं उष्टावण होतं. पारोळ्याहून त्याचा मामा, म्हणजे लताचा भाऊ चुडामण, चांदीची वाटी घेऊन येणार आणि खिरीचा पहिला घास भरवणार. त्याआधी पोराच्या पोटात दुधाखेरीज काही गेलं, तर वाटी दारातूनच परत जाईल, असं सासूबाईंनी, सुंदरबाईंनी, साऱ्या आळीला ऐकवून ठेवलं होतं. भावाचा असा पाणउतारा लताला होऊ द्यायचा नव्हता.

एस.टी.चा तर पत्ताच नव्हता. लता दारात जाई, चुलीपाशी येई, खीर ढवळी, पुन्हा दारात जाई. अशाच एका फेरीत मागे वळून पाहते तो काय, दिगू पाहुण्यांसाठी केलेल्या वांग्याच्या भरिताच्या परातीपाशी फतकल मारून बसलेला! मूठ भरायची, तोंडात कोंबायची, बोटं चोखायची. कोणी भरवायला नको, कोणी काऊचिऊ दाखवायला नको. गडी कपाळापर्यंत माखला होता. ठेचा अजून मिसळायचा होता, तेवढीच देवाची कृपा.

"मेल्या, मामाचा मान खाल्लास रे!" लताने त्याला उचललं, न्हाणीत नेऊन धुतलं, अंगडं बदललं. दिगूने भोकाड पसरलं. भरल्या परातीवरून उठवल्यावर कोण गप्प बसेल?

"काय व्हयनं पोऱ्याले?" सुंदरबाई धावत आल्या.

"काही नाही आत्याबाई, दात येताहेत."

"मंग अंगडं काबर बदलं?"

"लाळ... लाळ फार गळते."

सुंदरबाईंनी नातवाला हुंगलं. "लाळले भाजेल वांगाना वास येस का वं?"

लताने दिगूला चटकन दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तेवढ्यात बाहेरून रतिलाल ओरडला, "आला, आला!"

आळीतल्या बायका जमल्या. चुडामणने पाटावर बसून भाच्याला मांडीवर घेतलं आणि चांदीच्या वाटीतल्या खिरीचं बोट त्याच्या ओठांशी नेलं. दिगूने तोंड घट्ट मिटलं. दुसऱ्यांदा नेलं, तर बोटावरची खीर मामाच्या नव्या कोटावर उडाली.

"पोट भरेल दिसस त्यान्हं," एक बाई म्हणाली.

संपलं सगळं, असं लताला वाटलं. तिला भावाकडे बघवेना.

दिगू मात्र मांडीवरून घसरला आणि रांगत थेट आजीपाशी गेला. तिच्या पदराची गाठ त्याने सराईतपणे ओढली, आतला भाकरीचा चघळून मऊ झालेला तुकडा काढला आणि दोन्ही हातांनी धरून मजेत चावू लागला. गाठ कुठे असते आणि कशी सुटते, त्याला सगळं ठाऊक होतं.

सगळ्यांच्या नजरा सुंदरबाईंकडे वळल्या.

"काय देखी ऱ्हायनात बठ्ठा?" सुंदरबाई कडाडल्या. "दात ई ऱ्हायनात त्याले!"

घाईघाईने त्यांनी चुडामणच्या हातातली वाटी घेऊन नातवापुढे ठेवली. दिगूने तुकडा खिरीत बुचकळला आणि आपल्या हाताने तोंडात घातला.

"व्हयनं उष्टावण! वाजाडा टाळ्या!" सुंदरबाईंनी फर्मान सोडलं.

लताने पदराने सासूबाईंचा खिरीने भरलेला हात पुसला. "हो ना आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "लाळही फार गळते त्याची."