फरशीवरची रेषा

पांढुर्ण्याच्या एका महाविद्यालयात १९८६ साली संगणक आला आणि त्याच दिवशी त्याच्या खोलीला कुलूप लागले. कारण शास्त्रशुद्ध होते. दरवर्षी यंत्र 'सुस्थितीत' असल्याचे लिहून द्यावे लागे, आणि सुरू केलेले यंत्र बिघडू शकते.

मोहगावच्या मंगलाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी 'संगणक-आलेखनाची मूलतत्त्वे' हा विषय होता. प्रथम श्रेणी मिळाली तरच सौसरला संगणक शिकवण्याची नोकरी. ती विभागप्रमुख केशवरावांकडे गेली.

"सर, परीक्षेआधी एक डाव तरी मशीन सुरू करून पाहू द्या न."

"आन् बिघडलं त?"

"दुरुस्त करू."

"बाई, दुरुस्त केलं म्हणजे बिघडलं होतं हे सिद्ध होते. थिअरी समजून राहिली का तू?"

थिअरी मंगलाला समजली. संगणकाचा पडदा म्हणजे लहान लहान चौकोन. काही उजळलेले, बाकीचे अंधारात. व्हरांड्याची फरशी चौकोनीच होती आणि मार्चात पांढुर्ण्यात संत्र्यांना तोटा नव्हता. संत्रे ठेवले की ठिपका उजळला, उचलले की विझला. टोपली घेऊन शिपाई कवडू उभा राही. महिनाभरात मंगला कोणतीही तिरपी रेषा गणित करून मांडू लागली. केशवरावांनी अहवालात लिहिले, 'विद्यार्थी रंगीत पडद्यावर काम करतात.'

प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी शून्य-शून्यपासून आठ-पाचपर्यंत रेषा मागितली. मंगलाने शून्य ते आठ, प्रत्येक उभ्या ओळीत एक, अशी नऊ संत्री मांडली. ऊन तापले होते. साहेबांनी गणित तपासता तपासता सहावे संत्रे सोलून खाल्ले आणि मग ठिपके मोजले.

"आठच. रेषा तुटली. नापास."

"सर, ते तुमीच त खाल्लं!"

"मी पडद्यावर दिसतं तेच तपासतो."

"सालटं अजून हातातच हायेत साहेब," कवडू म्हणाला.

परीक्षक विचारात पडले. "असं करा. प्रात्यक्षिक संगणकावर झालं, असं लिहून द्या. संगणकात संत्री नसतात. म्हणजे मी काही खाल्लं नाही. म्हणजे रेषा पूर्ण."

तर्कात चूक नव्हती. मंगलाने एकदा कुलपाकडे पाहिले आणि सही केली. चाळीसपैकी चाळीस.

आता सौसरच्या वर्गाची किल्ली मंगला मॅडमच्या पर्समध्ये असते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "मॅडम, एक डाव सुरू करू का?"

"आन् बिघडलं त?" मॅडम म्हणाल्या. "टोपली आण."

ती मुलगी तुमचीच. तिचे प्रमाणपत्र तुमच्या बैठकीत, काचेच्या फ्रेममध्ये लटकते आहे. पेढे तुम्हीच वाटले होते. मशीन सुरू होते का, हे तुम्ही तरी कुठे विचारले?